गळ्यातला नंबर

ज्ञानोबांची पालखी आळंदीहून निघाली की पंढरपूर येईपर्यंत दिंडी हेच वारकऱ्याचं घर आणि दिंडीचा नंबर हाच त्याचा पत्ता. रथापुढची की रथामागची, आणि कितवी, एवढं सांगता आलं की कुणीही माउली बरोबर आपल्या माणसांत आणून सोडते. अडचण होते ती हे सांगता न येणाऱ्यांची. सत्तरी उलटलेली आजी नीरेच्या घाटावर पाण्यात उतरते, वर येते तोवर दिंडी पुढं गेलेली असते. मागं-पुढं सगळीकडं तेच टाळ, त्याच पांढऱ्या टोप्या, त्याच तुळशी. उन्हानं जीव कासावीस झालेला, पोटात सकाळचा चहा, साखर उतरलेली. अशा वेळी दिंडीचा नंबर राहू द्या, मुलाचं नावसुद्धा ओठावर येत नाही.

वारीला हे नवीन नाही. संध्याकाळी तळावर समाजआरतीला दिंड्या गोलाकार उभ्या राहतात, चोपदार दंड वर करतात आणि टाळमृदंगानं दुमदुमणारा तो अफाट समाज एका क्षणात गप्प होतो. मग कुणाचं काय हरवलं, कुणाला काय सापडलं याची पुकार होते. घड्याळ, पिशवी, पाकीट ज्याचं त्याला परत मिळतं. ही शिस्त मी लहानपणापासून पाहते आहे आणि आजही ती पाहताना माझ्या अंगावर काटा येतो. पण हरवलेलं माणूस संध्याकाळपर्यंत थांबू शकत नाही. दुपारी बारा वाजता चुकलेल्या आजीला संध्याकाळी सातपर्यंत कुणी पाणी दिलं का, कुठल्या सावलीत बसवलं का, गोळी कुणी दिली का, हे काहीच कळत नाही. ते सात तास दिंडीतल्या प्रत्येकाच्या पोटात खड्डा पाडतात.

आमच्या दिंडीची वही माझ्याकडं असते. भिशी, म्हणजे दिंडीची वर्गणी, कुणाची आली, कुणाची राहिली, कुणाला गुडघ्याचा त्रास, कुणाला साखर, घरी फोन कुणाला करायचा, सगळं त्या वहीत. या वेळी निघण्याच्या महिनाभर आधी दिंडीचे महाराज म्हणाले, “ताई, म्हाताऱ्या माणसांच्या गळ्यात ते स्कॅनचं कार्ड घालूया. कुणीही मोबाईल धरला की आपल्याला फोन लागला पाहिजे. एवढं बघा.”

एवढं बघा म्हणणं सोपं होतं. क्यूआर कोड मी रोज पाहते. किराणा दुकानात, भाजीच्या गाड्यावर, नातवाच्या बालभारतीच्या पुस्तकात धड्यापाशी, आधार कार्डावर. पण तो बनतो कसा, हे मला माहीत नव्हतं. त्यासाठी कुठं अर्ज करायचा? पैसे किती? आमच्या दिंडीचं नाव कुठल्या यादीत नोंदवावं लागतं का? आणि सगळ्यात मोठा प्रश्न, एखाद्याचा फोन नंबर त्या काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांत शिरतो कसा? नंबर त्या ठिपक्यांत असतो, की ठिपके नुसती खूण आणि नंबर दुसरीकडं कुठंतरी ठेवलेला असतो?

पुण्यात नोकरी करणाऱ्या माझ्या भाच्याला मी फोन केला. तो म्हणाला, “आत्या, हे लिहिणंच आहे. आपण अक्षरं काढतो, इथं चौकटी काळ्या करतात. अर्जबिर्ज काही लागत नाही.” मग शनिवारी तो घरी आला आणि जेवणानंतर आम्ही दोघं बसलो.

त्यानं सांगितलेल्यातलं पुष्कळसं मी पुढं स्वतः वाचून पडताळलं, कारण आजीच्या जिवाशी गाठ असलेली गोष्ट मला अर्धवट समजलेली चालणार नव्हती. हा कोड १९९४ साली जपानात तयार झाला. आयची प्रांतातल्या डेन्सो या मोटारींचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीत मासाहिरो हारा नावाचे अभियंते होते. कारखान्यात एकेका खोक्यावर अनेक उभ्या रेघांचे बारकोड असायचे, आणि एका बारकोडात वीसेक अक्षरांच्या वर मावायचं नाही. कामगार दिवसभर तेच स्कॅन करत बसायचे. त्यांचा ताप कमी व्हावा म्हणून हारांनी आडवं आणि उभं, दोन्ही बाजूंनी वाचता येईल असं लिखाण शोधायला घेतलं. जेवणाच्या सुट्टीत ते ‘गो’ खेळायचे. पटावर मांडलेल्या काळ्या-पांढऱ्या सोंगट्यांवरून त्यांना ही मांडणी सुचली. कोडाच्या तीन कोपऱ्यांत जे मोठे चौकोन असतात, ते यंत्राला ‘कोड इथं आहे’ हे सांगण्यासाठी. त्यांचं काळ्या-पांढऱ्याचं प्रमाण १:१:३:१:१ असं आहे. छापील कागदांवर क्वचितच आढळणारं प्रमाण हवं म्हणून हारांच्या लोकांनी पत्रकं, मासिकं, पुठ्ठ्याची खोकी असं काय काय तपासून ते निवडलं. हे वाचल्यावर मला त्या माणसांबद्दल फार आदर वाटला. आणि कंपनीकडं पेटंट असूनही त्यांनी ते कुणावर वापरायचं नाही असं ठरवलं. म्हणून आज वाई तालुक्यातली बाई स्वयंपाकघराच्या ओट्यावर मोबाईल ठेवून फुकट कोड बनवू शकते.

बनवला. भाच्यानं एक वेबसाइट उघडली, तिथं माझं नाव आणि नंबर टाकला, बटण दाबलं, कोड आला. त्याच्या फोननं स्कॅन केला तर माझं नाव, नंबर, छानसं हिरवं बटण. मला आनंद झाला. पण माझ्या डोळ्यांपुढं दिवे घाट होता. पालखी घाट चढत असते तेव्हा एवढे मोबाईल एका जागी असतात की नेट म्हणजे नुसतं गोल फिरणारं चाक. म्हणून मी भाच्याला म्हटलं, “नेट बंद कर आणि आता स्कॅन कर.” त्यानं केलं. पडद्यावर एक लांबलचक पत्ता आला आणि खाली कोरं पान. नाव नाही, नंबर नाही.

माझा सगळ्यात मोठा प्रश्न इथं सुटला. कोडाचे दोन प्रकार असतात. एकात नंबर स्वतः लिहिलेला असतो. दुसऱ्यात नंबर नसतोच. त्यात एका वेबसाइटचा पत्ता असतो आणि नंबर त्या वेबसाइटकडं असतो. दुसऱ्या प्रकारात छापल्यानंतरही नंबर बदलता येतो, किती जणांनी कधी आणि कुठून स्कॅन केलं ते मोजता येतं. दुकानदाराला त्याचा उपयोग असेल. पण ज्या वेबसाइटवर आम्ही तो बनवला तिच्या अटी भाच्यानं वाचून दाखवल्या तेव्हा कळलं की फुकटची मुदत संपली की पैसे भरेपर्यंत कोड उघडणार नाही. म्हणजे आजी माळशिरसला चुकायची आणि तिच्या गळ्यातला कोड नातेपुत्यालाच बंद पडलेला असायचा. शिवाय आमच्या साध्या माणसांची नावं आणि फोन नंबर कुठल्या कोण कंपनीच्या संगणकात का जाऊन बसावेत? त्यांनी वारीला यायचं ठरवलं आहे, यादीत यायचं नाही.

तेव्हाच मी मनाशी ठरवलं, आणि पुढं प्रत्येक बारीकसारीक गोष्ट त्याच एका गोष्टीवर तोलली: अनोळखी माणसाला, नेट नसताना, आजीच्या माणसांपर्यंत पोचता आलं पाहिजे. नंबर कोडातच हवा. मध्ये तिसरं कुणी नको.

मग आम्ही पहिल्या प्रकारचा कोड केला. भाच्याला वाटलं की सगळीच माहिती आत घालावी. आजीचं नाव, गाव, दिंडी, आमचे दोन नंबर, औषध. अशी माहिती लिहायची एक ठरलेली पद्धत आहे, तिला व्हीकार्ड म्हणतात. १९९० च्या दशकात ॲपल, एटीअँडटी, आयबीएम आणि सीमेन्स या कंपन्यांनी मिळून ती सुरू केली. स्कॅन केलं की नाव-नंबर थेट फोनच्या संपर्कयादीत जोडता येतात. व्यापाऱ्यांच्या, डॉक्टरांच्या कार्डावर हल्ली हाच कोड असतो. आम्ही सगळं मराठीत भरलं आणि जो कोड आला तो पाहून मी चष्मा पुसला. तीळ सांडल्यासारखे बारीक बारीक ठिपके. एका बाजूला ६५ चौकटी.

कोड एवढा दाट का झाला हे समजायला मला पूर्ण संध्याकाळ लागली. इंग्रजी अक्षराला संगणकात एक बाइट जागा पुरते. देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन लागतात. आणि काना, वेलांटी, अनुस्वार ही प्रत्येकी वेगळी चिन्हं. ‘दिंडी’ लिहायला द, ऱ्हस्व वेलांटी, अनुस्वार, ड, दीर्घ वेलांटी, अशी पाच चिन्हं, म्हणजे पंधरा बाइट. हाच शब्द इंग्रजी अक्षरांत पाच बाइटमध्ये बसतो. माहिती वाढली की चौकटी वाढतात. सगळ्यात लहान कोडाला एका बाजूला २१ चौकटी असतात आणि पायरीपायरीनं चार-चार वाढत तो १७७ पर्यंत जातो. कार्डावर आमच्याकडं जागा तीन सेंटिमीटर. चारही बाजूंना चार-चार चौकटींइतकी कोरी पांढरी जागा सोडावीच लागते, नाहीतर कॅमेऱ्याला कोडाची हद्द कळत नाही. त्यात ६५ चौकटी बसवायच्या म्हणजे एक चौकट अर्ध्या मिलिमीटरपेक्षाही लहान. साध्या मोबाईलनं, हलत्या हातानं, पावसात ते वाचलं जाणार कसं? शिवाय शेजारच्या मुलाच्या जुन्या फोनवर तो कोड उघडला तर आजीच्या नावाच्या जागी वेडीवाकडी चिन्हं आली. माझ्या भाषेत नाव लिहिलेलं असावं ही माझी मनापासूनची इच्छा. पण त्या क्षणी आजीचं घर लागणं जास्त मोलाचं होतं.

उपाय साधा निघाला. जे माणसानं वाचायचं ते माणसासाठी मोठ्या मराठी अक्षरांत कार्डावर छापायचं, आणि कोडात फक्त फोन नंबर ठेवायचा. ‘टेल’ ही तीन इंग्रजी अक्षरं, विसर्गासारखी दोन टिंबं, देशाचा आकडा आणि दहा आकडी नंबर, बस्स. स्कॅन केलं की फोन थेट डायल करायलाच विचारतो. हा कोड २९ चौकटींत मावला, तोही सगळ्यात दणकट दुरुस्तीसकट.

या दुरुस्तीबद्दल मी सांगायलाच हवं, कारण सगळ्या शिकण्यात मला सगळ्यात जास्त थक्क कशानं केलं असेल तर याच गोष्टीनं. कोडात मूळ माहितीबरोबर हिशेब करून काढलेली जादा माहितीही भरलेली असते. कोडाचा काही भाग पुसला गेला तरी उरलेल्यावरून यंत्र गेलेला भाग परत काढतं. त्याच्या चार पायऱ्या आहेत. वरच्या पायरीवर साधारण ३० टक्के भाग खराब झाला तरी वाचता येतं. यामागचं गणित १९६० साली अमेरिकेतल्या अर्व्हिंग रीड आणि गुस्ताव सॉलोमन या दोघांनी मांडलं. वारीच्या वाटेवर काय काय उडतं ते मला माहीत आहे. चिखल, पाऊस, घाम, गोपीचंदन, आणि बुक्का. बुक्का तर काळाच, पांढऱ्या चौकटीवर पडला की ती काळी वाटणार. मी नमुन्याच्या कार्डावर बुक्का चोळला, पाणी शिंपडलं, नखानं खरवडलं. कोड वाचला गेला. पण कोपऱ्यातला एक मोठा चौकोन बोटानं पूर्ण झाकला की फोन नुसता बघत राहायचा. दुरुस्ती आतल्या लिखाणाला आहे. कोड सापडण्यासाठी ते कोपरे शाबूत हवेतच. म्हणून दोरी ओवायचं भोक कोडापासून लांब, वरच्या काठाला.

तालुक्याच्या गावी फ्लेक्सवाल्याकडं गेले तेव्हा तो भगव्या रंगात कोड छापायला निघाला. भगवा आमचा आहेच, पण पांढऱ्यावर भगवा कॅमेऱ्याला फिका पडतो. काळाच हवा, म्हटलं. मध्यभागी विठ्ठलाचं चित्र टाकतो म्हणाला. दुरुस्तीच्या जोरावर तसं चालतं, पुष्कळ कंपन्या आपली खूण तशीच टाकतात. महाराजांना विचारलं. ते म्हणाले, “देवाचं चित्र घामात, चिखलात नको.” माझ्याही मनात तेच होतं. आणि दुरुस्तीची जी ताकद चिखलासाठी राखून ठेवायची ती चित्रात कशाला खर्च करायची? चकचकीत लॅमिनेशनवर ऊन पडलं की कॅमेऱ्याला कोडाऐवजी उजेडच दिसतो, तेव्हा मॅट लॅमिनेशन घेतलं.

पण खरी अवघड गोष्ट या तांत्रिक कामाच्या बाहेर होती. नंबर कुणाचा घालायचा?

आधी वाटलं, ज्याच्या-त्याच्या घरचा. वहीत नंबर होतेच. मी घरोघरी विचारायला गेले तेव्हा दोन-तीन सुना थबकल्या. एक जण म्हणाली, “काकू, माझा नंबर सासूबाईंच्या गळ्यात, एवढ्या गर्दीत? कुणीही फोटो काढेल, मग रात्री-अपरात्री फोन.” तिचं बरोबर होतं. गळ्यात उघडा लटकणारा नंबर म्हणजे चावडीवर लिहिलेला नंबर. आणि औषधाची, आजाराची माहिती? आजीला मधुमेह आहे हे तिनं कुणाला सांगायचं ते तिचं तिनं ठरवावं. आम्ही दिंडीसाठी एक वेगळं सिम घेतलं, साध्या बटणाच्या फोनमध्ये घातलं. त्याची बॅटरी दिवस-दोन दिवस टिकते. तो फोन दिंडीच्या ट्रकवर, सामानाबरोबर पुढं जाणाऱ्या माणसाकडं, आणि वाटेत वहीही त्याच्याकडंच. सगळ्यांच्या कार्डावर हाच एक नंबर, कोडात आणि कोडाखाली आकड्यांतही. कार्डावर आजीचं पाळण्यातलं नाव, दिंडी, आणि वहीतला अनुक्रमांक. घरचा पत्ता, घरचा नंबर, आजार हे सगळं वहीतच. फोन आला की अनुक्रमांक विचारायचा, वही उघडायची.

आकडे मात्र इंग्रजी वळणाचे छापले. वारीत कर्नाटकातले, तेलंगणातले वारकरी असतात, बंदोबस्ताला लांबून आलेली माणसं असतात. ९ आणि १ ओळखताना कुणाची अडचण व्हायला नको. कोडाचा मोठा गुणही हाच. त्याला कुठलीच लिपी वाचावी लागत नाही आणि घाईत एखादा आकडा चुकत नाही.

मग कार्ड घालायची वेळ आली आणि आमच्या शेजारच्या आजींनी ते बाजूला सारलं. “मला न्हाई घालायचं. लोक म्हणतील म्हातारी पैसं मागती.” मी गप्पच झाले. त्यांच्या दृष्टीनं तो चौकोन म्हणजे पैशाचा. त्यांनी तो दुकानात पाहिला आहे, देवळाच्या दानपेटीवर पाहिला आहे, रस्त्यावर मागणाऱ्याच्या हातात पाहिला आहे. भिशी आधी भरून, कुणाचं देणं न ठेवता, ताठ मानेनं चालणाऱ्या बाईच्या गळ्यात आम्ही तो अडकवत होतो. त्या पुढं बाही सरकवून म्हणाल्या, “हे बघ, माझं नाव हितं हाय.” हातावर हिरवं गोंदण, त्यांचं माहेरचं नाव. जत्रेत हरवली तर कळावं म्हणून त्यांच्या वडिलांनी लहानपणी गोंदवून घेतलं होतं.

मी कार्डं परत नेली. सगळ्यात वर, कोडापेक्षा मोठ्या अक्षरांत ओळ घातली: ‘माझ्या दिंडीला फोन करा’. कोडाशेजारी फोनचं चित्र. आणि खाली: ‘मोबाईलचा कॅमेरा उघडून धरा’. ही शेवटची ओळ आजींमुळंच सुचली. स्कॅन म्हटलं की आपल्याकडं माणसाचा हात पैसे भरायच्या ॲपकडं जातो, आणि त्या ॲपला आमचा कोड चालत नाही. ते ‘अवैध’ म्हणून मोकळं होतं. आयफोनचा साधा कॅमेरा २०१७ पासून क्यूआर वाचतो, बहुतेक नव्या अँड्रॉइड फोनचाही वाचतो. पण हे सांगितल्याशिवाय सुचत नाही. नवी कार्डं घेऊन गेले, ओळ वाचून दाखवली. आजी म्हणाल्या, “आता कसं. घाल.”

भाच्यानं दरम्यान दोन बातम्या काढून दाखवल्या होत्या. जपानातल्या इरुमा शहरात २०१६ साली स्मृतिभ्रंश झालेल्या वृद्धांच्या नखांवर चिकटवायला सेंटिमीटरभराचे क्यूआर कोड द्यायला सुरुवात झाली. स्कॅन केलं की नगरपालिकेचा फोन नंबर मिळतो. म्हणजे तिथंही घरचा नंबर उघड केला नाही, हे वाचून मला धीर आला. आणि २०२३ मध्ये आपल्या मुंबईत, वरळीहून चुकलेला एक विशेष मुलगा कुलाब्यात सापडला तेव्हा पोलिसांनी त्याच्या गळ्यातल्या पदकावरचा कोड स्कॅन केला आणि काही तासांत तो आईबापांकडं पोचला. त्या मुलाच्या आईच्या त्या तासांचा मी फार विचार केला.

कार्डाची मागची बाजू कोरी होती. गळ्यातलं कार्ड चालताना उलटं होतंच. मग मागंही कोड हवा. तिथं आम्ही दुसरा घातला. तो स्कॅन केला की दिंडीच्या नंबरावर जायचा मेसेज तयार उघडतो, त्यात इंग्रजी अक्षरांत ‘दिंडी कार्ड’ आणि आजीचा वहीतला क्रमांक आधीच लिहिलेला. पाठवणाऱ्यानं नुसतं पाठवा दाबायचं. गर्दीत फोन लागत नाही तेव्हाही साधा एसएमएस बऱ्याचदा सरकत सरकत पोचतो, हे मी वारीतच पाहिलं आहे. पुढचा कोड सगळ्यांचा एकच, मागचा प्रत्येकाचा वेगळा. रात्री जागून मी एकेक कार्ड स्कॅन करून वहीशी ताडून पाहिलं.

लोणंद सोडून तरडगावकडं निघालो की वाटेत चांदोबाचा लिंब येतो, तिथं उभं रिंगण होतं. अश्व धावून गेला की माती कपाळाला लावायला माणूस तुटून पडतो, आणि दिंड्यांच्या ओळी काही वेळ तरी विस्कटतात. तिथंच त्या शेजारच्या आजी मागं राहिल्या. आम्हाला कळलं तेव्हा आम्ही बरंच पुढं आलो होतो. मी मागं वळले, पण त्या लोंढ्याविरुद्ध चालता येत नाही. पाऊल टाकायलाच जागा नसते. ट्रकवरच्या माणसाचा माझ्या मोबाईलवर फोन लागेना, माझा त्याला लागेना. मी रस्त्याच्या कडेला उभी राहून प्रत्येक नऊवारीचं तोंड बघत होते.

पुढं काय झालं ते मागाहून जुळवलं. आजी रस्त्याकडेच्या एका चहाच्या टपरीवर बसल्या होत्या. टपरीवरच्या मुलानं कार्ड पाहून पैशाचं ॲप उघडलं, चाललं नाही. त्याच्या बहिणीनं खालची ओळ वाचली आणि कॅमेरा धरला. फोन काही लागेना. तिनं कार्ड उलटून मागचा कोड धरला आणि मेसेज पाठवला. तो ट्रकवरच्या फोनला तरडगावच्या तळावर पोचला: दिंडी कार्ड, आणि क्रमांक. माणसानं वही उघडली, आजींचं नाव सापडलं. पण मेसेजमध्ये कोण ते होतं, कुठं ते नव्हतं. ज्या नंबरावरून मेसेज आला तो तो लावत राहिला, आणि खूप वेळानं लागला. टपरीची खूण कळली, मोटरसायकलवरून दोघं गेले. आजींना त्या मुलीनं चहा-बिस्किट दिलं होतं, पाय पसरून बसवलं होतं, पैसे घेतले नव्हते. समाजआरतीच्या आधी आजी राहुटीत होत्या. मी त्यांच्या पायावर डोकं ठेवलं आणि त्या मला ओरडल्या, जेवली का नाहीस म्हणून.

सगळ्यांच्या बाबतीत कोडच कामाला आला असं नाही. एका बाबांना पोलिसांनी नुसता छापील नंबर वाचून फोन लावून दिला. एका आजींनी कार्ड भिजू नये म्हणून पिशवीत कपड्यांखाली ठेवलं होतं, त्यांना शेवटी दिंडीचा नंबर आठवला आणि त्या आपल्या आपण आल्या. मला तिन्ही गोष्टींचा सारखाच आनंद आहे. कोड आहे म्हणून खालचे आकडे छापायचे नाहीत, असं कुणी सुचवलं तर मी ऐकणार नाही.

पुढच्या छपाईत मागचा मेसेज बदलायचा आहे. क्रमांकानंतर ‘ठिकाण’ आणि पुढं मोकळी जागा ठेवायची, म्हणजे पाठवणाऱ्याला आपण कुठं आहोत ते लिहायचं सुचेल. त्यानं कोडाच्या चौकटी थोड्या वाढतील, पण मागं जागा आहे.

एक काम मात्र आत्तापासूनच करावं लागतं आहे. कार्डं आता घराघरांत खुंट्यांना आहेत. आजी-बाबा ती घालून कार्तिकीला आळंदीला जातात, तालुक्याच्या दवाखान्यातही जातात. म्हणजे दिंडीचा तो फोन वर्षभर चालू हवा. सलग ९० दिवस वापर नसला तर कंपनी नंबर बंद करू शकते आणि पुढं तो दुसऱ्या कुणाला देऊ शकते; मग सगळ्यांच्या गळ्यात परक्याचा नंबर. म्हणून तो फोन मी माझ्याकडं ठेवला आहे. दर पंधरा दिवसांनी त्यावरून महाराजांना एक फोन करते, ते उचलतात, “लागला ताई” म्हणतात. रिचार्जचा खर्च वहीत भिशीच्या पानावर वेगळा मांडला आहे, आणि मी नसेन तेव्हा हा फोन कुणाकडं राहील, ते नाव त्याच पानावर खाली लिहिलं आहे.